शिपाई हास्लबेकचा क्रूग

४ मार्च

थानहुबरबाई म्हणतात, हात शिवशिवायला लागला की पेन उचला. म्हणून ही वही. पस्तीस वर्षं खाटीकखाना चालवला, त्यात वजन आणि भाव सोडून काही लिहिलं नाही, आणि आता या वयात शाळकरी पोरीसारखी दैनंदिनी! पण कोर्टाने बाईंना माझ्यावर देखरेखीला नेमलं आहे, तेव्हा त्यांचं ऐकणं भाग आहे.

झालं होतं एवढंच. श्ट्राउबिंगच्या जुन्या बाजारात एक भामटा जुन्या क्रूगवर, म्हणजे बिअरच्या मोठ्या मगवर, नवं कथिलाचं झाकण चढवून विकत होता. मी म्हटलं, हे झाकण काल ओतलेलं आहे. तो म्हणाला, "आजोबा, चष्मा बदला." मी झाकण उपटलं आणि तेच त्याच्या थोबाडावर हाणलं. गालाचं हाड गेलं. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. गेल्या नोव्हेंबरात न्यायाधीशबाईंनी शिक्षा सुनावली आणि स्थगित ठेवली. येत्या अकरा नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत, कुणावर हात उचलला तर सरळ आत.

तुरुंगाला मी भीत नाही. पण मी आत गेलो तर माझ्या क्रूगांकडे कोण बघणार? रोझिनाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

१० मार्च

रविवार. सकाळी सगळे क्रूग वाजवले. हा माझा नेम आहे. लोक चर्चला जातात, मी वरच्या खोलीत कपाट उघडून बसतो. एकेक क्रूग खाली घ्यायचा, झाकण उघडायचं आणि काठावर नखाने टिचकी मारायची. धडधाकट चिनी माती घंटेसारखी बोलते. तडा गेलेली बद्द वाजते, तो तडा डोळ्याला दिसो न दिसो.

माझे सगळे क्रूग एकाच कंपनीचे आहेत. पासाऊची सोळावी रेजिमेंट, सातवी कंपनी, १९०७ ते ०९. सैन्यातली दोन वर्षं संपली की घरी परतताना प्रत्येक शिपाई स्वतःच्या नावाचा बिअरचा क्रूग करून घ्यायचा. समोर स्वतःचं नाव, दोन्ही बाजूंना सोबत्यांची नावं, झाकण उघडायला अंगठा टेकतो तिथे बव्हेरियाचा सिंह. माझ्या प्रत्येक क्रूगवर सोबत्यांच्या नावांत 'हास्लबेक' आहे. ते माझे आजोबा. १९१६ साली फ्रान्समध्ये त्यांच्या पोटात संगीन घुसली. त्यांचा स्वतःचा क्रूग आजीने युद्धानंतर दोन पोती बटाट्यांवर देऊन टाकला. मिसरूड फुटल्यापासून मी त्याच्या मागावर आहे.

रोझिना कॉफी घेऊन आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. मी 'ये' म्हटल्याशिवाय ती या खोलीत पाऊल टाकत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी शिस्त फार थोड्या बायकांना लागते.

२३ मार्च

क्विरिन रामझाउअरचा फोन आला. छपरं शाकारणारा क्विरिन. त्याला क्रूगांचा नाद मीच लावला. एके काळी आम्ही एका ताटात सॉसेज खायचो, आता बाजारात एकमेकांच्या अंगावरून जातो.

"विटस, बसलायस ना? नाहीतर बस आधी."

"बोल काय ते."

"फिल्सहोफेनला एका म्हातारीचं घर रिकामं करत होते. माळ्यावर, कोंबडीच्या पिसांच्या उशीत गुंडाळलेला. सोळावी, सातवी कंपनी. नाव वाचू का समोरचं?"

मी म्हटलं, "वाच."

"शि-पा-ई हा-स्ल-बेक," तो चवीचवीने म्हणाला. "सिंहसुद्धा शाबूत आहे रे."

"किती घेशील?"

"छे, छे! तुला विकायचा? तू उद्या त्यानेच माझं डोकं फोडशील. आणि तुला तर आता हात खिशात ठेवून फिरायचंय ना, मार्टिनच्या दिवसापर्यंत? अख्ख्या गावाला ठाऊक आहे." आणि हसत सुटला.

मी फोन ठेवला. म्हणजे भिंतीवर आपटून ठेवला. मग खोलीचं दार जरा जोरात ओढलं, आणि रोझिना मागून येत होती, तिचा कान मध्ये आला. कान म्हणजे काय, नुसतं कातडं, पण रक्त फार येतं. संध्याकाळी ती चर्चला डोक्याला रुमाल बांधून गेली. थंडीही होती म्हणा.

पण क्विरिनला मी बोटसुद्धा लावलं नाही. हे थानहुबरबाईंना सांगायला हवं.

६ एप्रिल

ब्रांडलच्या शेतावर डुक्कर कापायला गेलो होतो. त्याचा खाटीक आजारी आहे. जनावर मोठं होतं आणि हट्टी. चौघांनी धरलं, मी एका घावात खाली आणलं. रक्त बादलीत ढवळताना हात कोपरापर्यंत गरम होतात, आणि डोक्यातली सगळी गरमी जणू तिकडे उतरते. संध्याकाळपर्यंत सोलणं, फाडणं, आतडी धुणं. इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सॉसेजच्या रश्शाचं भांडं घेऊन घरी आलो तर स्वयंपाकघरात रोझिना गात होती. तिचा आवाज अजून गोड आहे हे मी विसरूनच गेलो होतो. मी दारात बूट काढले आणि गाणं थांबलं. मी म्हटलं, गा की. ती म्हणाली, "संपलं होतं."

२ मे

थानहुबरबाई घरी आल्या. क्रूग बघितले. मी त्यांना एक उचलून उजेडाकडे धरायला सांगितला. तळातलं चित्र दिसल्यावर बाईंचा जीव हरखून गेला. सगळ्यांचा जातो. चिनी मातीच्या तळात पातळ-जाड कोरलेलं असतं. बिअर भरलेली असताना काही दिसत नाही. शेवटचा घोट घेऊन क्रूग दिव्याकडे धरला की शिपाई आणि त्याची मैत्रीण उमटतात, फाटकाशी निरोप घेताना.

मग बाई रोझिनाकडे वळल्या. "तुम्ही कशा आहात?"

रोझिनाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे."

"आपण दोघी जरा बागेत जाऊन बसू या का?"

मी म्हटलं, "बाई, आमच्या घरात एकमेकांपासून चोरून ठेवण्यासारखं काही नाही. इथेच बोला." जाताना बाई एक कार्ड टेबलावर ठेवून गेल्या. रात्री बघतो तर कार्ड नाही. रोझिनाने कचऱ्यात टाकलं असणार. तिला असल्या सरकारी चौकशांचा तिटकारा आहे.

२३ मे

लिहितो आहे कारण नाही लिहिलं तर क्विरिनच्या घरी जाऊन त्याचं नरडं दाबीन.

गुरुवार, म्हणून हिर्श खानावळीत आमच्या नेहमीच्या टेबलावर गेलो. क्विरिन आधीच बसला होता आणि आजोबांच्या क्रूगमधून बिअर पीत होता. पीत होता! शंभर वर्षांचा रंग, सोन्याचं पाणी दिलेला काठ, आणि त्यावर त्याच्या मिशा. खाली बसलो, आपला साधा दगडी क्रूग मागवला. दोन घोट घेतले आणि लघवीला उठलो. तिथेच चुकलो. झाकण उघडं राहिलं.

आमच्या खानावळीचा रिवाज आहे: झाकण उघडं टाकून जो उठेल, त्याच्या क्रूगावर बाकीच्यांनी आपापले क्रूग रचायचे आणि सगळ्यांची पुढची बिअर त्याच्या नावावर. परत येऊन बघतो तर माझ्या क्रूगावर तीन क्रूग रचलेले. आणि सगळ्यांत वर, कलता, डुगडुगता, आजोबांचा.

"घे ना विटस, ओढ तुझा खालून," क्विरिन म्हणाला. "का? भीती वाटते?"

टेबल हसत होतं. मी त्याला एक ठेवून दिली असती तर तो मागच्या खुर्चीवर पडला असता, डोकं लोखंडी शेगडीवर आपटलं असतं. ते मला स्पष्ट दिसत होतं, कवटी कुठे तडकेल तेसुद्धा. पण क्विरिनचा खांदा टेबलाला टेकलेला होता. तो कोसळला असता तर क्रूगही कोसळला असता.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो. "सगळ्यांना एकेक द्या," मालकिणीला म्हटलं.

"बघा रे," क्विरिन म्हणाला, "खाटीक शाकाहारी झाला!"

तरीही मी उठलो नाही. असा विजय मी आयुष्यात मिळवला नव्हता.

२४ मे

काल घरी आलो तेव्हा रोझिना जागीच होती. मी वरच्या खोलीत गेलो. थोडं बरं वाटावं म्हणून लेहनर नावाच्या शिपायाचा क्रूग काढला. तो माझा सगळ्यांत सुंदर क्रूग, झाकणावर पिंप आणि त्यावर बसलेला शिपाई. रोझिना उंबऱ्यावर आली आणि न विचारता आत शिरली. म्हणाली, "सोड ना विटस तो नाद. एक मडकं ते."

मडकं.

मी क्रूग कपाटात ठेवायला वळलो आणि तिचा हात मध्ये होता. मी जरा जोरात ठेवला असेन. फळी आणि क्रूग यांच्यामध्ये मनगट सापडलं. डॉक्टरने सकाळी प्लास्टर घातलं. तिला विचारत होता, कसं झालं, नक्की कसं झालं, जणू मी तिथे उभाच नाही. ती म्हणाली, जिन्यावरून पडले. मीच सांगणार होतो की कपाटात सापडला म्हणून, पण म्हटलं, सांगू दे तिला तिचं. बायकांना आपला वेंधळेपणा कबूल करायची लाज वाटते.

२६ मे

रविवार. टिचक्या मारत होतो. लेहनर बद्द वाजला.

पुन्हा मारली. बद्द. दिव्याखाली धरला, भिंग लावलं. मुठीपासून खाली केसासारखा बारीक तडा. मला रडू आलं. खरंच रडलो. खाली जाऊन रोझिनाला सांगितलं की तुझ्या त्या एका शब्दापायी काय झालं बघ. ती डाव्या हाताने बटाटे सोलत होती. एका हाताने बटाटा धरता येत नाही म्हणून तो कोपराने दाबून धरला होता.

"मनगट सहा आठवड्यांत जुळेल," मी म्हटलं. "चिनी माती जुळत नाही."

ती म्हणाली, "हो."

तिला निदान पटलं तरी, एवढं समाधान.

१५ जून

काय लिहू. लिहिलंच पाहिजे.

आज सेंट विटसचा दिवस, माझ्या नावाचा सण. सकाळी रोझिनाने टेबलावर केक ठेवला आणि शेजारी काहीतरी कापडात गुंडाळलेलं. "उघड," म्हणाली. प्लास्टरचा हात तिने पोटाशी धरला होता.

आजोबांचा क्रूग.

मी खुर्चीत बसलो. समोर हात लावला, नाव चाचपलं. शिपाई हास्लबेक. रंगाचा उंचवटा बोटाला लागतो. नखाने टिचकी मारली आणि तो असा बोलला की घरभर घुमला. मग खिडकीकडे धरला. तळात शिपाई आणि मुलगी, फाटक, आणि पाठीमागे चर्चचा कळस. माझ्या आजोबांनी प्रत्येक क्रूग संपवताना हेच पाहिलं असेल. माझे डोळे भरून आले. मी रोझिनाला जवळ ओढलं, आणि ती आधी आखडली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. लग्नाच्या दिवसानंतर ती अशी माझ्या खांद्यावर रडलेली मला आठवत नाही.

"आता तरी झालं ना विटस?" ती म्हणाली. "आता सगळं मिळालं ना? आता शांत होशील ना?"

मी म्हटलं, "क्विरिनने दिला कसा?"

"आईची चांदीची गळसाखळी दिली त्याला. सणाच्या पोशाखावरची."

"क्विरिनने गळसाखळीवर दिला? जो मला जमीन विकली तरी देणार नव्हता?"

"मी हात जोडले. म्हटलं, माझ्यासाठी दे. त्याने माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि दिला."

"तुझ्यासाठी."

"विटस."

"तुझ्यासाठी का दिला? तू कोण त्याची?"

आता कुणीही विचार करावा. ज्या माणसाने मला भर खानावळीत नाचवलं, त्याच्या दारात माझी बायको जाते, हात जोडते आणि तो विरघळतो. गाव काय म्हणेल? खाटकाला क्रूग हवा होता म्हणून बायकोला पाठवली! मी तिला एवढंच विचारत होतो की दार लावलेलं होतं का उघडं. ती उत्तर देईना. नुसती माझ्या हाताकडे बघत मागे सरकत होती. हातात क्रूग होता. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. माणसाने किती वेळा विचारायचं?

आणि तो क्रूग फुटला.

झाकण शेगडीखाली गेलं. सिंह तुटला. नाव होतं त्या बाजूचे तर कपचे कपचे झाले. मी गुडघ्यावर बसून वेचत होतो. तुकडे बांधायला टॉवेल मागितला, पण तो रोझिनाने डोक्याला दाबून धरला होता, म्हणून माझा रुमाल घेतला. तळ मात्र शाबूत राहिला. रक्त पुसून उजेडाकडे धरला तर चित्र अजून दिसत होतं, शिपाई आणि मुलगी दोघेही.

एकशे दहा वर्षं टिकलेली वस्तू. माझ्याकडे ती केक कापेपर्यंतही टिकली नाही. असं नशीब कुणाला देऊ नये.

रोझिना शेजारणीबरोबर दवाखान्यात गेली आहे. अजून आलेली नाही.

१७ जून

पोलीस आले होते. दोघे, त्यातली एक पोरसवदा बाई. मी दार उघडलं आणि पहिल्यांदा मनात आलं, क्विरिन! त्याने खोटी तक्रार केली असणार.

मी त्यांना आत बसवलं. शांतपणे सांगितलं की गेल्या नोव्हेंबरपासून मी कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही. २३ मेला खानावळीत काय झालं ते सांगितलं, मी कसा हातांवर बसून राहिलो ते सांगितलं. "अख्खं टेबल साक्षीला आहे. थानहुबरबाईंनाही विचारा."

"आम्ही रामझाउअरसाठी आलेलो नाही," पोरगी म्हणाली. "तुमच्या पत्नीच्या डोक्याला अकरा टाके पडले आहेत."

"तो घरातला अपघात आहे."

"मनगट?"

"तोही."

"कान? आणि दोन जुन्या बरगड्या, आपोआप जुळलेल्या?"

बरगड्यांचं मला आठवेना. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या बायकोलाच विचारा ना. ती तुम्हाला सांगेल मी कसा बदललोय ते. रोझिना!"

ती खरंच बाहेरच्या खोलीत उभी होती. केव्हा आली कुणास ठाऊक. डोक्याला पांढरं बांधलेलं, अंगात कोट, हातात तिची छोटी पेटी, आणि बाजूला थानहुबरबाई. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, आली, आता ही सगळं निस्तरेल.

"सांग यांना," मी म्हटलं. "नोव्हेंबरपासून मी कुणावर हात टाकलाय का?"

रोझिना उंबऱ्याच्या आत आली नाही.

"विटस," ती म्हणाली, "माणसं मोजतोस तेव्हा मला धरतोस का रे?"

पोरगी लिहून घेत होती. मग त्यांनी मला एका पिशवीत कपडे भरायला सांगितले. या घराकडे फिरकायचं नाही, रोझिनाच्या आसपास जायचं नाही, आणि शिक्षेचं काय ते न्यायाधीशबाई ठरवतील. माझ्या स्वतःच्या घरातून! क्रूग एकतरी घेऊ द्या म्हटलं, तर पोलीस म्हणाला, "नको. क्रूग तर मुळीच नको."

२३ जून

धाकट्या भावाकडे, गुस्टलकडे, राहतो आहे. माळ्यावर खाट टाकून दिली आहे. त्याची बायको लीझल जेवण जिन्यावर ठेवून जाते. माझ्याशी बोलत नाही, पण ती मूळचीच अबोल.

पहिला रविवार टिचक्यांशिवाय. वकील म्हणतो, बहुतेक आत जावं लागेल. गेल्या नोव्हेंबरपासून जे जे केलं ते सगळं पाण्यात. क्विरिनचं नाक सरळ ठेवून मी काय मिळवलं?

रोझिनाच्या त्या बोलण्याचा दिवसभर विचार करतो आहे. मला धरतोस का. आता हिला कशात धरायचं? ती तर माझी बायको आहे. गुस्टलला विचारलं, "तुला कळलं का ती काय म्हणाली ते?" तो म्हणाला, "कळलं." उठून गेला आणि ड्रिल शोधायला लागला.

दुपारी तो आणि लीझल आपल्या झोपायच्या खोलीच्या दाराला आतून लोखंडी कडी बसवत होते. लग्नाला तीस वर्षं झाली, इतकी वर्षं त्या दाराला साधी आकडीसुद्धा नव्हती. गावात चोऱ्या वाढल्या असतील. गुस्टलचे स्क्रू सरळ जाईनात. लीझल भिंतीला पाठ लावून उभी होती. मला बघवेना. मी त्याच्या हातातून ड्रिल घेतलं, नीट भोकं पाडली, आणि लांब स्क्रू घालून कडी बसवून दिली. मग बाहेर जाऊन खांद्याने दोन-तीनदा दणका देऊन पाहिला. भक्कम बसली आहे.